अख्खं गाव यादीवर

१९५८ साली ब्रिटनमध्ये डॉक्टरांना मोबदला किती द्यावा हे ठरवण्यासाठी एक शाही आयोग बसला होता. त्याच्यापुढे लॉर्ड मोरान साक्षीला आले. प्रस्थ मोठं होतं. विन्स्टन चर्चिल यांचे खासगी डॉक्टर आणि रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचे माजी अध्यक्ष. स्पेशालिस्ट आणि जनरल प्रॅक्टिशनर एकाच तोलाचे मानायचे का, या प्रश्नावर त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की वैद्यकीय व्यवसायात एक शिडी असते आणि तिच्यावरून जे घसरतात ते जनरल प्रॅक्टिशनर होतात. देशभरचे फॅमिली डॉक्टर खवळले. पण मोरान यांनी फार वेगळं काही सांगितलं होतं असं नाही. मेडिकल कॉलेजांतले कितीतरी प्राध्यापक हेच मनात धरून शिकवत होते. या साक्षीच्या आठ वर्षं आधी जोसेफ कॉलिंग्ज या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने इंग्लंडमधले दवाखाने हिंडून 'लॅन्सेट'मध्ये अहवाल लिहिला होता, तोही फॅमिली डॉक्टरांची अब्रू राखणारा नव्हता. औद्योगिक वस्त्यांतल्या कित्येक दवाखान्यांत पेशंटला नीट तपासण्याची साधी सोयसुद्धा त्याला दिसली नव्हती.

सर्दी-पडसं, पोटदुखी, पोरांच्या लशी आणि आजारपणाचे दाखले यांत दिवस घालवणारा डॉक्टर संशोधन करू शकतो का? तेही विद्यापीठापासून दूर, खेड्यात राहून? आणि तो कोणाला काय शिकवणार? पुढच्या पानांत ज्याच्या कामाची ओळख होणार आहे त्या ज्युलियन ट्यूडर हार्टने आयुष्यभर या प्रश्नांची उत्तरं दिली. पण त्याच्याआधी एक जण होऊन गेला. त्याला ओलांडून पुढे जाणं बरं नाही.

विल्यम पिकल्स १९१३ पासून इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या एझगार्थ गावात डॉक्टर होता. वेन्स्लीडेल नावाच्या दरीतली आसपासची खेडी मिळून पाच-सहा हजारांची वस्ती त्याच्या हाताखाली होती. चाळिशी ओलांडल्यावर त्याने जेम्स मॅकेन्झीचं हृदयविकारावरचं पुस्तक वाचलं. मॅकेन्झीही मूळचा बर्नली गावातला फॅमिली डॉक्टर, दवाखाना सांभाळून हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा अभ्यास केलेला. ते वाचून पिकल्सने नोंदी ठेवायला सुरुवात केली. कोणत्या गावात, कोणत्या दिवशी, कोणाला कोणता संसर्गजन्य आजार झाला, एवढंच. दिवसभराच्या नोंदी पत्नी गर्ट्रूड आणि मुलगी तक्त्यावर उतरवत.

१९२९ मध्ये दरीत कावीळ पसरली. ५,७०० वस्तीत सुमारे २५० जणांना ती झाली. संसर्ग झाल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत किती दिवस जातात हे तोवर कोणालाच धड ठाऊक नव्हतं. शहरात ते कळणं अवघडच, कारण माणूस रोज शेकडो लोकांत मिसळतो आणि त्यातल्या कोणी आजार दिला हे कसं सांगणार? दरीतल्या खेड्यांत मात्र एका गावचा माणूस दुसऱ्या गावी गेला की ती सगळ्यांच्या लक्षात राहणारी घटना असे. पिकल्सने एका मोलकरणीला सकाळी कावीळ झालेली असताना अंथरुणात तपासलं. संध्याकाळी बघतो तर बाई गावच्या जत्रेत हजर! त्या एका दिवसातून डझनभर माणसांना लागण झाली. कोण तिला भेटलं आणि कोण कधी आजारी पडलं, हे डॉक्टरला घरोघरचं माहीत. तारखांची वजाबाकी केली आणि उत्तर आलं : २६ ते ३५ दिवस.

त्याचं पुस्तक १९३९ मध्ये निघालं. महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात बहुतेक प्रती जळाल्या, ते युद्धानंतर पुन्हा छापलं गेलं. १९५२ मध्ये ब्रिटनच्या जनरल प्रॅक्टिशनरांनी स्वतःचं कॉलेज स्थापन केलं आणि १९५३ मध्ये पहिला अध्यक्ष म्हणून त्यांनी याच खेड्यातल्या डॉक्टरला बसवलं. मोरान यांची साक्ष त्यानंतर पाच वर्षांनी झाली, यावरून साहेबांचं लक्ष कुठे होतं ते दिसतं.

ट्यूडर हार्टचा जन्म १९२७ चा, लंडनचा. आई-वडील दोघेही डॉक्टर. वडील स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने जखमींवर उपचार करायला गेलेले. मुलगा केंब्रिजला आणि पुढे लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये शिकला, काही वर्षं लंडनच्या गरीब वस्तीत प्रॅक्टिस केली आणि मग एकदम वेगळ्या माणसाच्या हाताखाली गेला. आर्ची कॉक्रन त्याचं नाव. आज ज्याच्या नावाने जगभरच्या औषधचाचण्यांचे आढावे निघतात तोच हा कॉक्रन. त्या वेळी तो साउथ वेल्समधल्या खाणकामगारांच्या छातीत साचणाऱ्या कोळशाच्या धुळीचा अभ्यास करत होता. त्याचा एक हट्ट होता. पाहणी करायची तर वस्तीतल्या जवळजवळ प्रत्येक माणसाची करायची. आपणहून येतात त्यांना तपासून भागत नाही; जे येत नाहीत त्यांच्या दारात जायचं, कारण दुखणं कदाचित त्यांच्यातच जास्त असतं. हार्टने हा धडा घेतला आणि १९६१ मध्ये तो तिथल्याच आवन दरीच्या टोकाला असलेल्या ग्लिनकोरुग या खाणकामगारांच्या गावी डॉक्टर म्हणून जाऊन बसला. वस्ती दोनेक हजारांची. तिथली कोळशाची खाण १९७० मध्ये बंद पडली, म्हणजे उपजीविका गेली आणि आजार राहिले.

त्याच्या हाती एक गोष्ट मात्र होती, जी आपल्याकडच्या फॅमिली डॉक्टरला आजही मिळत नाही. १९४८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत प्रत्येक नागरिकाचं नाव कोणत्या ना कोणत्या जनरल प्रॅक्टिशनरच्या यादीवर असतं. माणूस आजारी असो वा ठणठणीत, डॉक्टरला त्याच्यासाठी ठरावीक रक्कम मिळते. तेव्हा प्रत्येकाचा केसपेपर म्हणजे लॉईड जॉर्ज या राजकारण्याच्या काळापासून चालत आलेलं एक छोटं पुठ्ठ्याचं पाकीट. गाव बदललं की पाकीटही नव्या डॉक्टरकडे जायचं. हॉस्पिटलच्या प्राध्यापकाला किती पेशंट आले ते कळतं; ते किती लोकांमधून आले, हे कळायला मार्ग नसतो. हार्टच्या कपाटात अख्खं गाव होतं, कधीच डॉक्टरकडे न फिरकणाऱ्यांसह.

१९६७ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांवर झालेल्या चाचणीने दाखवून दिलं की खूप चढलेलं बीपी औषधांनी उतरवलं तर माणसं वाचतात. लगेच पुढच्या वर्षी हार्टने ठरवलं की यादीवरच्या सगळ्या प्रौढांचं बीपी मोजायचं. शिबिर नाही, मंडप नाही. कोणी कान दुखतो म्हणून आला, कोणी कामावर न जाण्याचा दाखला मागायला आला, की दंडाला पट्टा बांधायचा, आकडा पाकिटात लिहायचा. उरलेल्यांना निरोप धाडायचा, आणि निरोपालाही दाद देत नाहीत त्यांच्या घरी जायचं. उच्च रक्तदाबात दुखत-खुपत काहीच नाही. माणूस खाणीत उतरतो, रग्बी खेळतो, संध्याकाळी बिअर पितो आणि पंचेचाळिशीत एक दिवस कोसळतो. 'मला काय धाड भरलीये' म्हणणारा हा गडी शोधून काढणं हेच खरं काम होतं. १९७० मध्ये 'लॅन्सेट'ने हे काम छापलं. नेहमीच्या प्रॅक्टिसमध्ये संपूर्ण गावाचं बीपी मोजणारा हा पहिला डॉक्टर, असं त्याच्याबद्दल म्हटलं जातं.

हा माणूस कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होता. १९६४, १९६६ आणि १९७० अशा तीन निवडणुकांत तो पार्लमेंटसाठी उभा राहिला आणि तिन्ही वेळा सपशेल पडला. मत द्यायला राजी नसलेल्या लोकांनी पट्टा बांधायला मात्र दंड पुढे केला, यात दोघांचीही अक्कल दिसते.

२७ फेब्रुवारी १९७१ च्या 'लॅन्सेट'मध्ये हार्टचा एक निबंध आला आणि त्याचं नाव जगभर पोचलं. चांगल्या उपचारांची गरज जिथे सर्वांत जास्त तिथेच ते सर्वांत कमी मिळतात, आणि आरोग्यसेवा बाजाराच्या हवाली केली की ही तफावत आणखी वाढते, असा त्याचा आशय. व्यस्त सेवेचा नियम म्हणून तो आज सार्वजनिक आरोग्याच्या वर्गांत शिकवला जातो. निबंध राजकीय आहे, आणि लेखक ते लपवतही नाही. पण त्यातल्या निरीक्षणामागे खाणगावातल्या दवाखान्यातली दहा वर्षं आहेत. ज्या डॉक्टरांकडे सर्वांत आजारी वस्त्या, त्यांच्याकडे पेशंट जास्त, मदतनीस कमी, जागा जुनी आणि जवळचं हॉस्पिटल गर्दीने फुटलेलं.

या नियमाचा एक पुरावा भारतातूनच गेला होता. वेल्सच्या खाणदऱ्यांत आणि उत्तर इंग्लंडच्या गिरणगावांत स्थानिक डॉक्टर जायला तयार नव्हते. त्या जागा १९६० आणि ७० च्या दशकांत मोठ्या प्रमाणावर भारतीय उपखंडातून आलेल्या डॉक्टरांनी भरल्या. लंडनच्या हॉस्पिटलांत वरच्या पदांची दारं त्यांना सहसा उघडत नव्हती, म्हणून ते फॅमिली डॉक्टर झाले आणि कामगार वस्त्यांत टिकून राहिले. ब्रिटनच्या गरिबांना त्याचा फायदाच झाला. ते डॉक्टर जिथून आले होते तिथली खेडी तेव्हा डॉक्टरची वाट पाहत होती, हे मात्र हिशेबात धरायला हवं.

हार्टच्या लेखनातला एक पेशंट विसरता येत नाही. जवळच्या पोलाद कारखान्यात काम करणारा, वजन भरपूर, बीपी चढलेलं; पुढे मधुमेहही जडला. पंचवीस वर्षांत तो ३१० वेळा आरोग्यकेंद्रात आला. हार्टने स्वतः त्याच्यासोबत घालवलेला वेळ मोजला, तो भरला ४१ तास. एवढ्या वर्षांत घडलं काय? अर्धांगवायू नाही, हार्ट अॅटॅक नाही, किडनी निकामी झाली नाही, डायलिसिसची वेळ आली नाही. जे घडलं नाही त्यातच हार्टला आपल्या व्यवसायातलं सर्वांत मोठं समाधान वाटत होतं. सुरुवातीला डॉक्टर आणि पेशंट समोरासमोर बसत, पुढे पुढे शेजारी बसून एकत्र विचार करू लागले, असंही तो सांगतो. आरोग्य ही डॉक्टरने द्यायची आणि पेशंटने घ्यायची गोष्ट नसून दोघांनी मिळून तयार करायची असते, हा त्याचा सिद्धान्त या ३१० भेटींतून आलेला आहे. पुस्तकी वाटला तर आकडा पुन्हा पाहावा.

गावकरी संशोधनात खरोखरच भागीदार होते. १९८३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीसाठी बीपी किंचितच वाढलेल्या काही पेशंटांनी जेवणातलं मीठ कमी केलं, सोबत मिठाच्या किंवा बिनमिठाच्या गोळ्या घेतल्या आणि लघवी साठवून दिली. निकाल अपेक्षेविरुद्ध लागला : मीठ कमी केल्याने बीपीत लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. चाचणी छोटी होती, पेशंट सौम्य बीपीचे होते. पुढच्या मोठ्या अभ्यासांनी मीठ कमी केल्याचा फायदा दाखवलाच, तेव्हा वाचकांनी लोणच्याची बरणी पुढे ओढू नये. पण हाती आलं ते जसंच्या तसं छापायचं, ही शिस्त एका खेड्यातल्या दवाखान्याने पाळली.

त्याहून कडक शिस्त १९८७ च्या लेखात दिसते. हार्टने आपल्या यादीवरच्या लागोपाठच्या ५०० मृत्यूंची फाइल उघडली आणि प्रत्येकाबाबत विचारलं : हा टळला असता का? जवळजवळ निम्म्या मृत्यूंत टाळता येण्याजोगं काहीतरी सापडलं. त्यातला मोठा वाटा सिगरेटसारख्या सवयींचा होता. काही मृत्यूंच्या बाबतीत मात्र बोट जनरल प्रॅक्टिशनरकडेच वळलं, आणि त्याने ते वळू दिलं. आपल्या हातून दगावलेल्यांचा असा जाहीर हिशेब मांडणारे डॉक्टर कोणत्याही देशात फार नाहीत.

१९९१ मध्ये पंचवीस वर्षांचा ताळेबंद आला. उच्च रक्तदाबाच्या पेशंटांचं सरासरी बीपी १८६/११० वरून १४६/८४ वर उतरलं होतं, त्यांच्यातलं धूम्रपानाचं प्रमाण ५६ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आलं होतं. शेजारच्या, तशाच परिस्थितीतल्या एका खाणगावाशी तुलना केली तर ग्लिनकोरुगमधलं अकाली मृत्यूचं प्रमाण जवळपास ३० टक्क्यांनी कमी होतं. हा आकडा हार्टच्या चाहत्यांनी फार उगाळला आहे, म्हणून थोडं सावध राहिलेलं बरं. तुलना दोनच गावांची, गावं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नाहीत, मृत्यूंची संख्या लहान. एवढ्यावर 'सिद्ध झालं' म्हणणं कॉक्रनलाही रुचलं नसतं. तरीही पंचवीस वर्षं एकाच यादीवरची माणसं, एकाच डॉक्टरच्या नोंदी आणि मधे कुठे खंड नाही, अशी सामग्री इतरत्र शोधून सापडत नाही.

एक गोष्ट अशा चरित्रांत नेहमी तळटीपेत जाते. हार्टची पत्नी मेरी स्वतः कॉक्रनच्या संशोधन केंद्रात तयार झालेली होती आणि ग्लिनकोरुगच्या संशोधनात ती पूर्ण वेळची सहकारी होती. पिकल्सचे तक्ते गर्ट्रूडच्या हातचे. 'एकट्या डॉक्टरने केलं' हे वाक्य दोन्ही घरांच्या बाबतीत खोटं ठरतं.

आता शिकवण्याविषयी. जनरल प्रॅक्टिसचं जगातलं पहिलं प्राध्यापकपद एडिंबराला १९६३ मध्ये निर्माण झालं. १९६८ मध्ये, म्हणजे हार्टने बीपी मोजायला घेतलं त्याच वर्षी, इंग्लंडमध्ये चौदा वर्षं प्रॅक्टिस केलेला इयन मॅकव्हिनी कॅनडाला जाऊन तिथला फॅमिली मेडिसिनचा पहिला प्राध्यापक झाला. विद्यापीठांची दारं अशी हळूहळू किलकिली होत होती. हार्ट विद्यापीठाकडे गेला नाही, विद्यार्थी त्याच्याकडे येत राहिले. त्याच्या प्रॅक्टिसला ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने संशोधनासाठी पैसे दिले. मिठाच्या चाचणीवर काम केलेला तरुण डॉक्टर ग्रॅहॅम वॉट पुढे ग्लासगो विद्यापीठात जनरल प्रॅक्टिसचा प्राध्यापक झाला. त्याच्या पुढाकाराने २००९ मध्ये स्कॉटलंडमधल्या सर्वांत वंचित वस्त्यांत काम करणारे १०० दवाखाने एकत्र आले. खोल पाण्यातले डॉक्टर असं ते स्वतःला म्हणवतात. व्यस्त सेवेच्या नियमाशी रोज झुंजणाऱ्यांची ही संघटना नंतर इतर देशांतही उभी राहिली. गुरूने वर्गात काय शिकवलं यापेक्षा शिष्याने त्याच्या दवाखान्यात काय पाहिलं याचा हा परिणाम आहे. हार्टने उच्च रक्तदाबावर फॅमिली डॉक्टरांसाठी पुस्तक लिहिलं, १९८८ मध्ये नव्या धर्तीच्या डॉक्टरविषयी दुसरं लिहिलं. २०१८ मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी गेला तोवर तो वाद घालतच होता.

मराठी वाचकाला या जातीचा डॉक्टर अनोळखी नाही. १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने दगावणाऱ्या कोकणातल्या माणसांच्या अशाच बारीक नोंदी ठेवल्या. घामाने डबडबलेला पेशंट, गार पडलेले हातपाय, मग फुप्फुसात पाणी. पुढे एमडी होऊन ते पुन्हा याच भागात आले आणि प्रॅझोसिन हे मुळात बीपीवरचं औषध विंचूदंशावर लागू पडतं हे त्यांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मधून जगाला दाखवलं. त्यांच्या शोधनिबंधांवर पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचंही नाव असतं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. फरक आहे तो यादीचा. आपल्याकडच्या डॉक्टरला आलेला पेशंट दिसतो, न आलेला दिसत नाही. बावस्करांनी जे केलं ते ही सोय नसताना केलं.

म्हणून ही पानं सर्वांत आधी तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांनी वाचावीत. तीस-पस्तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये ज्यांनी केसपेपर, वह्या, निदान बीपी-साखरेचे आकडे सांभाळले असतील, त्यांनी दवाखाना बंद करताना किंवा मुलाच्या हाती देताना ते रद्दीत घालू नयेत. जवळच्या मेडिकल कॉलेजच्या कम्युनिटी मेडिसिन विभागाला एक फोन करावा, आणि विभागानेही तो उचलावा.